बाळाचं वजन, उंची, दंडघेर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडी तायांच्या ट्रेनिंगमध्ये मापं कशी घ्यायची ते मी शिकवते, त्यामुळे फोनवर नाहीतर ग्रुपवर तेच तेच प्रश्न येत राहतात. आया विचारतात ते आणि ताया विचारतात ते, दोन्ही इथे एकत्र टाकलेत. क्रम असा काही लावलेला नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचलंत तरी चालेल. सगळं साधारण जन्मापासून ५ वर्षांपर्यंतच्या मुलांबद्दल आहे, जिथे मोठ्यांचा विषय आलाय तिथे तसं लिहिलंय.

दर महिन्याला वजन करतातच ना, मग उंची आणि दंड कशाला मोजायचा?

कारण नुसत्या वजनावरून मूल बारीक आहे की बुटकं आहे ते कळत नाही. समजा दोन मुलं आहेत, दोघंही दीड वर्षाची आणि दोघांचं वजन सारखंच कमी. एकाची उंची वयाप्रमाणे आहे पण अंगावर मांस नाही, फासळ्या मोजून घ्या. दुसरं दिसायला गुटगुटीत पण उंचीच वाढलेली नाही, शेजारच्या वर्षाच्या पोरीएवढं दिसतं. वजनाच्या रजिस्टरमध्ये दोघं एकाच रंगात जातात, पण पहिल्याला आत्ता या आठवड्यात मदत पाहिजे आणि दुसऱ्याचं दुखणं जुनं आहे, बहुतेक वेळा आईच्या गरोदरपणापासून चालत आलेलं.

म्हणून तीन हिशेब वेगवेगळे करतात. वयाप्रमाणे वजन बघितलं की ‘कमी वजन’ कळतं. वयाप्रमाणे उंची बघितली की वाढ खुंटलीय का ते कळतं, म्हणजे खुजेपणा. आणि उंचीप्रमाणे वजन बघितलं की मूल रोडावलंय का ते कळतं. सॅम आणि मॅम हे शब्द मुख्यतः या तिसऱ्या हिशेबातले (दंडघेर आणि सुजेवरूनही ठरवतात, ते पुढे येतंच), सॅम म्हणजे तीव्र कुपोषित आणि मॅम म्हणजे मध्यम. खूप जण कमी वजन आणि सॅम एकच समजतात, तसं नाहीये. कमी वजनाचं प्रत्येक मूल सॅम नसतं. आणि सॅम मुलाला आजारपणात जिवाचा धोका बाकीच्या मुलांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, त्यामुळे ते शोधून काढणं सगळ्यात आधी.

ताई म्हणाली बाळ रेषेच्या खाली आहे. म्हणजे नक्की काय?

चार्टवर मधली जी रेष असते ती त्या वयाच्या निरोगी मुलांची मधली किंमत, अर्धी मुलं तिच्या वर, अर्धी खाली. त्यामुळे मधल्या रेषेच्या खाली असणं हा काही दोष नाही, निम्मी निरोगी मुलं तिथेच असतात! काळजी सुरू होते ती उणे २ च्या रेषेपासून, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन टप्पे खाली असलेल्या रेषेपासून. वर्षाच्या मुलाची मधली किंमत ९.६ किलो आणि उणे २ ची रेष ७.७ किलोवर, उणे ३ ची ६.९ वर. वर्षाच्या मुलीचे हेच आकडे ८.९, ७ आणि ६.३. मुलगा-मुलगीचे चार्ट वेगळे असतात हे लक्षात ठेवा, मुलीचं वजन मुलाच्या चार्टवर मांडलं की उगाच कमी दिसतं.

निरोगी मुलांतसुद्धा शंभरात दोन-तीन उणे २ च्या खाली असतातच, नुसती अंगकाठी तशी असते. म्हणून एका महिन्याच्या आकड्यावरून निकाल लावू नका, तीन-चार महिन्यांचे ठिपके जोडून बघा. मूल रेषेच्या जरा खाली आहे पण रेषेला धरून वर चाललंय, तर मला फारशी धास्ती वाटत नाही. याउलट मूल अजून हिरव्यात, म्हणजे उणे २ च्या वर आहे पण तीन महिने वजन जागचं हललं नाही, तर मी त्या घरी आधी जाईन. तायांना मी हेच सांगते, रंग नंतर बघा, आधी रेघ कुठे चाललीय ते बघा.

हे चार्ट परदेशी मुलांचे ना? आपली मुलं लहानखुरीच असतात.

हा प्रश्न डॉक्टर लोकसुद्धा विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये हे चार्ट आणले, त्यासाठी १९९७ ते २००३ सहा ठिकाणी मुलं मोजली: ब्राझीलचं पेलोतास, घानाचं आक्रा, नॉर्वेचं ऑस्लो, ओमानचं मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दिल्ली. सगळी मिळून साधारण साडेआठ हजार मुलं. म्हणजे या चार्टमध्ये भारतातली मुलं आहेतच. मुलं कशी निवडली तर आईचं दूध मिळालेली, आई सिगरेट न ओढणारी, घरात खायला पुरेसं, आजारपणाला डॉक्टर जवळ. आणि निघालं काय तर अशी परिस्थिती मिळाली की सहाही ठिकाणची मुलं जवळजवळ सारखीच वाढतात. उंचीत जो फरक दिसला त्यातला फक्त ३ टक्क्यांच्या आसपास ठिकाणामुळे, बाकीचा एका मुलात आणि दुसऱ्या मुलात असतो तो.

म्हणून ‘आपली मुलं अशीच’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. पोटभर खाणारी, दिल्लीत चांगल्या घरात वाढणारी मुलं अशी नाहीत, मग मोखाड्यातल्या मुलाने का असावं.

आमच्या वेळी ग्रेड १, २, ३, ४ होतं, ते कुठे गेलं?

ती बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेची, म्हणजे आयएपीची १९७२ची पद्धत. ठरलेल्या वजनाच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर नॉर्मल, मग ७० पर्यंत ग्रेड १, ६० पर्यंत ग्रेड २, ५० पर्यंत ग्रेड ३ आणि त्याखाली ग्रेड ४. अंगणवाड्या १९७५च्या २ ऑक्टोबरला सुरू झाल्या आणि पुढे कितीतरी वर्षं हेच वापरात होतं. नवे चार्ट आले तसं ते मागे पडलं. आजीकडे जुनं कार्ड असेल तर त्यातली ग्रेड आणि आताचा रंग जुळवू नका, जुळणार नाहीत.

कार्ड घरात ठेवायची पद्धत कुठून आली तेही सांगते, मला आवडतं ते. डेव्हिड मॉर्ली नावाचे इंग्रज डॉक्टर नायजेरियातल्या इमेसी नावाच्या गावात काम करायचे, त्यांनी वाढीचा आलेख असलेलं कार्ड काढलं आणि ते दवाखान्यात न ठेवता आईच्या हातात दिलं. मूल तिचं तर कागदही तिच्याकडे. आज तुमच्या घरात जे माता बाल सुरक्षा कार्ड आहे त्याच्यामागे हाच विचार आहे, म्हणून ते ट्रंकेत ठेवू नका, दर वेळी घेऊन या आणि ठिपका तुमच्यासमोर मांडून घ्या.

वजन करताना काय चुकतं?

बहुतेक वेळा काट्याचा शून्य. झोळीचा लटकता काटा असेल तर रिकामी झोळी अडकवून मग शून्यावर आणायचा, झोळी नंतर अडकवली की तिचं वजन बाळाच्या खात्यात. डिजिटल काटा असेल तर खाली फरशी सपाट पाहिजे, सारवलेल्या जमिनीवर किंवा सतरंजीवर ठेवलेला काटा काय वाट्टेल ते दाखवतो, खाली फळी टाका. बाळाचे कपडे काढा, हो थंडीतही, स्वेटर टोपी आणि भिजलेलं दुपटं मिळून अर्धा किलो सहज होतो. पायातले वाळे, कमरेचा करदोटा काढायला घरचे तयार नसतात, ठीक आहे, पण मग दर महिन्याला तेच ठेवा आणि शेरा लिहा. बाळ नुकतंच पोटभर प्यायलं असेल तर शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात, म्हणून शक्यतो दर वेळी साधारण त्याच वेळेला वजन करा.

रडणारं, हातपाय झाडणारं मूल असेल तर आईला काट्यावर उभं करून काटा शून्य करायची सोय बऱ्याच डिजिटल काट्यांत असते, मग मूल तिच्या हातात द्यायचं. आणि आकडा जो आला तो लिहायचा, ८.३५ आलं तर ८.३५. ८ आणि साडेआठवर नेऊन ठेवायचं नाही. रजिस्टर चाळताना सगळी वजनं पूर्ण आणि अर्ध्यावर दिसली ना की मला लगेच कळतं इथे काटा नीट वाचलेला नाही.

उंची झोपवून घ्यायची की उभं करून?

२ वर्षांच्या आत झोपवून, २ वर्षं झाली की उभं करून. झोपवल्यावर मूल साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त लांब भरतं, त्यामुळे २ वर्षांच्या आतलं मूल काही कारणाने उभं मोजलं तर ०.७ मिळवायचे आणि मोठं मूल झोपवून मोजलं तर ०.७ वजा करायचे.

झोपवायचं ते इन्फंटोमीटरवर, म्हणजे सरकती फळी असलेल्या लांबी मोजायच्या पाटीवर, आणि हे एकटीचं काम नाही, दोघी लागतात, हे मी परत परत सांगते. एकीने (आई किंवा मदतनीस असली तरी चालेल) डोक्याकडे बसून दोन्ही हातांनी बाळाचं डोकं धरायचं, टाळू फळीला टेकलेला पाहिजे, नजर सरळ वर. दुसरीने एका हाताने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि दुसऱ्या हाताने सरकती फळी तळपायाला आणून टेकवायची, बोटांना नाही, टाचेसकट पूर्ण तळव्याला. बाळ पाय आखडतंच, एक पाय सरळ झाला की दुसरा वर. त्या क्षणाला वाचायचं असतं, वाट बघत बसलात तर गेलं. केसांची शेंडी किंवा बो असेल तर आधी सोडा. उभं करून घेताना टाचा, ढुंगण, पाठीचा वरचा भाग आणि डोक्याची मागची बाजू फळीला लागली पाहिजे, चपला काढून.

शक्य असेल तर दोनदा घ्या. दोन्ही वेळच्या आकड्यांत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा घ्या.

एखाद्या सेंटीमीटरने असा काय फरक पडतो?

खूप पडतो, आकड्यांतच बघा. एक मुलगा आहे, वजन ६.९ किलो. त्याची लांबी ७१ सेंटीमीटर लिहिली तर उणे ३ ची रेष ६.८ वर आहे, म्हणजे तो रेषेच्या वर, मॅम. तीच लांबी ७२ असेल तर रेष ७ किलोवर जाते, म्हणजे तो रेषेच्या खाली, सॅम. मूल तेच, वजन तेच, फक्त पाय नीट सरळ केला नाही म्हणून एक सेंटीमीटर कमी भरलं आणि ज्या मुलाला उपचाराच्या यादीत जायला पाहिजे होतं ते घरी गेलं. मोजण्यातली ही चूक बहुतेक अशीच होते, पाय आखडला की लांबी कमी भरते, लांबी कमी भरली की मूल जास्त धष्टपुष्ट वाटतं. म्हणून उंची मोजणाऱ्या बाईची ट्रेनिंग मला काट्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाची वाटते.

दंडघेर कसा मोजायचा आणि ती रंगीत पट्टी कुठून आली?

डावा हात. कोपरात काटकोनात दुमडायचा, खांद्याच्या टोकाच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत अंतर मोजायचं, बरोबर मध्यावर पेनाने खूण करायची, मग हात मोकळा खाली सोडायचा आणि खुणेवर पट्टी गुंडाळायची. कातडी दाबली जाता कामा नये आणि पट्टीखाली फटही राहता कामा नये. अंदाजाने मध्य धरू नका, वरती सरकलं की घेर वाढतो.

६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाला ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल म्हणजे सॅम, ११.५ ते १२.५ पिवळा म्हणजे मॅम, त्याच्या वर हिरवा. वय बदललं तरी रेष तीच, कारण वर्षापासून पाच वर्षांपर्यंत निरोगी मुलाचा दंड फार थोडा बदलतो, बाळसं उतरतं तेवढं स्नायू भरतो. म्हणून हे माप गर्दीत, पुरात, दुष्काळात कामाला येतं, काटा नको, वय नको, पाढे नकोत. नायजेरियातल्या यादवीत १९६०च्या दशकाच्या शेवटी मदतकार्य करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी उंचीच्या काठीवरच दंडाचे आकडे लिहून मुलं तपासली, आणि १९७४ मध्ये बगदादचे डॉ. शाकिर आणि वर सांगितलेले मॉर्ली यांनी रंगीत पट्टीची कल्पना मांडली. तेव्हाच्या रेषा वेगळ्या होत्या, लाल रंगाची ११.५ ही रेष २००९ मधली.

पट्टी आईनेही वापरावी असं माझं स्पष्ट मत आहे. दर महिन्याच्या वजनाची वाट कशाला बघायची, तापातून उठलेल्या पोराचा दंड आईने घरीच बघितला आणि पिवळा दिसला तर ती ताईकडे त्याच दिवशी येते.

दंड हिरवा पण वजन-उंचीत सॅम, असं कसं? मग खरं काय?

दोन्ही खरं. दोन मापं वेगवेगळी मुलं पकडतात, थोडी सामाईक असतात. दंडघेर लहान वयाची मुलं जास्त पकडतो आणि वजन-उंचीचा हिशेब थोड्या मोठ्या आणि लांब पायांच्या मुलांना जास्त पकडतो. कुठल्याही एकात सॅम निघालं की सॅम धरायचं. एकात बसत नाही म्हणून नाव काढून टाकायचं असं कधी करू नका.

आणि तिसरी गोष्ट, सूज. दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून सोडा, दोन्हीकडे खड्डा राहिला तर ते मूल सॅमच, मग वजन कितीही भरो. सुजेच्या पाण्याने वजन वाढलेलं दिसतं, घरचे म्हणतात बाळसं धरलं, आणि मूल खरं तर सगळ्यात जास्त आजारी असतं. असं मूल दिसलं की त्याच दिवशी दवाखान्यात.

जन्मतारीखच माहीत नाही, मग?

आधी कार्ड, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद बघा. काहीच नसेल तर सणांवरून काढा: पोळ्याच्या आधी की नंतर, होळीला पोटात होतं की मांडीवर, भात लावणीच्या वेळी रांगत होतं का, गावात कोणाचं मूल त्याच्या आगेमागे झालं आणि त्याची तारीख आहे का. गावचं कॅलेंडर एकदा बसून लिहून काढा, सण, बाजार, जत्रा, निवडणूक, मोठा पाऊस, ते वर्षानुवर्षं कामाला येतं. ‘दोन वर्षांचं असेल’ असं गोल वय लिहू नका, दोन-तीन महिन्यांच्या फरकाने उंचीचा रंग बदलतो. अगदीच नाही जमलं तर वजन-उंची आणि दंडघेर यावर जा, त्यांना वय लागत नाही.

सॅम निघालं तर पुढे काय होतं?

घाबरून रडायचं नाही, आणि घरी बसायचंही नाही. मूल अंगणवाडीत आणून खाऊन दाखवतं का ते बघतात, म्हणजे भूक तपासतात. भूक चांगली आहे, ताप-जुलाब-न्यूमोनिया काही नाही, सूज नाही तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात, व्हीसीडीसी म्हणतात ते, तिथे दिवसातून बऱ्याच वेळा थोडं थोडं, तेल-साखर घातलेलं, ताकदीचं खाणं आणि औषधं. भूकच नाही किंवा आजार आहे तर ग्रामीण रुग्णालयातलं बाल उपचार केंद्र किंवा जिल्हा रुग्णालयातलं पोषण पुनर्वसन केंद्र. आईला सोबत राहावं लागतं आणि इथेच गाडी अडते, घरी दुसरी लहान पोरं, शेतात काम, रोज बुडतो. सासू, नवरा, शेजारीण यांच्याशी आधी बोलून ती सोय लावली नाही तर कागदावर रेफर केलेलं मूल घरीच राहतं. बुडालेला रोज भरून द्यायची तरतूद असते, ती मिळते का ते विचारा, लाजू नका.

वजन केलं की दृष्ट लागते म्हणतात.

म्हणतात, आणि मी कोणाला त्यावरून बोलत नाही. पडदा लावून आत वजन करा, आकडा मोठ्याने ओरडू नका, तीट लावायची असेल तर लावू द्या. दुसऱ्या बायकांसमोर ‘तुझं मूल लालमध्ये आहे’ असं ऐकवलं की ती आई पुढच्या महिन्यात येत नाही, त्याचं कारण दृष्ट नसतं, अपमान असतो.

जन्माचं वजन अडीच किलो भरलं, चालेल का?

२.५ किलोच्या खाली कमी वजन म्हणतात, म्हणजे तुमचं काठावर आहे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दहाव्या हिस्स्यापर्यंत उतरलं तरी घाबरू नका, दोन आठवड्यांत परत यायला पाहिजे. पुढे साधारण पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट. नुसतं आईचं दूध सहा महिने आणि मग लगेच वरचं खाणं, इथे उशीर झाला की रेघ सपाट होते, मी बघितलेल्या कार्डांवर सात ते बारा महिन्यांतच सगळ्यात जास्त घसरण दिसते. वरणाचं पाणी नको, घट्ट वरण-भात द्या, तुपाचं किंवा तेलाचं बोट घालून.

जन्माच्या वजनावर आपल्या पुण्यात मोठं काम झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांतली बाळं जन्मल्यावर मोजली, नुसतं वजन नाही तर दंड, पोट, डोकं आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखाली कातडीची चिमूट धरून तिची जाडीसुद्धा. इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तर वजन २.७ किलो आणि तिकडे ३.५. पोट बारीक, दंड बारीक, पण चिमटीतली चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. म्हणजे बाळ बारीक, पण आत चरबीचा वाटा जास्त. नुसता वजनकाटा वापरला असता तर हे कधीच दिसलं नसतं.

मग मोठ्या माणसांच्या बीएमआयचं काय? माझा २४ आहे, नॉर्मल ना?

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने १८३०च्या दशकात काढलं, लोकसंख्येचा सरासरी अभ्यास करायला, एकेका माणसाचं आरोग्य ठरवायला नाही. आताचं नाव अन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं. वरचेच डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय मोजला तर अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के! दोघांनी ते २००४ मध्ये स्वतःच्या फोटोसकट छापलं.

म्हणून भारतीयांसाठी रेष खाली आणलीय, २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. तुमचा २४ म्हणजे सांभाळायची वेळ. कमरेचाही घेर बघा, पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० याच्या आत पाहिजे. आणि मुलांना मोठ्यांचे हे आकडे लावू नका, त्यांचा बीएमआय वयाच्या चार्टवरच बघायचा.

अंगणवाडीच्या यादीत सॅम दोन-चारच दिसतात, सर्व्हेत मात्र इतकी मुलं. कोण खोटं?

महाराष्ट्रात ५ वर्षांखालची रोडावलेली मुलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ला २५.६ टक्के होती आणि २०१९-२१लाही २५.६ टक्केच. खुजी मुलं ३४.४ वरून ३५.२. म्हणजे चारातलं एक मूल रोड, तीनातलं एक खुजं. रजिस्टरमध्ये एवढी दिसत नाहीत याची कारणं बरीच: यादीत नसलेली मुलं, घरच्यांसोबत कामाला बाहेरगावी गेलेली मुलं, बिघडलेला काटा, एकटीने घेतलेली उंची. आणि एक कारण उघड बोलत नाहीत ते म्हणजे भीती. जास्त सॅम दाखवलेल्या ताईला मीटिंगमध्ये उभं करून विचारतात, तुझ्याच गावात एवढी कशी? पुढच्या महिन्यात ती मुलं आपोआप मॅम होतात.

हे मला सगळ्यात जास्त लागतं. जिने सॅम मूल शोधलं तिने काम केलंय, तिला शाबासकी पाहिजे. २०२१ पासून पोषण ट्रॅकर ॲप आलं, आकडा टाकला की रंग तेच काढतं, पाढे करायची दगदग वाचली, पण ॲपला उंची खोटी घातली तर रंग खोटाच येणार. मुख्य सेविकांनी, म्हणजे तायांच्या वरच्या पर्यवेक्षिकांनी, महिन्यातून काही मुलं स्वतः परत मोजावीत, ताईला पकडायला नाही, तिच्यासोबत बसून. आणि प्रश्न ‘किती सॅम?’ असा न विचारता ‘शोधलेल्यांपैकी किती बरी झाली?’ असा विचारावा.

आम्ही ऊसतोडीला जातो, सहा महिने वजनच होत नाही.

बीड, जामखेड, पाथर्डीकडची कुटुंबं दसऱ्यानंतर निघतात, जव्हार-मोखाड्याकडची वीटभट्टीला दिवाळीनंतर. मुलं परत येतात ती वाळूनच. निघायच्या आदल्या आठवड्यात वजन-उंची-दंड घ्या, कार्ड सोबत न्या, ताईला कुठल्या तालुक्यात जाताय ते सांगा म्हणजे ट्रॅकरवर नाव तिकडे हलवता येतं. तिकडच्या अंगणवाडीने ‘तुमचं नाव इथे नाही’ म्हटलं तरी हटू नका, मूल जिथे आहे तिथल्या अंगणवाडीने त्याला घ्यायचं असतं. आणि परत आल्यावर पहिल्या आठवड्यात परत मोजा, ताईनेच दारात जावं हे बरं.

आम्ही दोघंही बुटके, मुलगा उंच होईल का? डब्यातली पावडर देऊ का?

पावडरने उंची वाढत नाही, ते पैसे अंडी, दूध, शेंगदाणे, डाळी यात घाला. अंदाज काढायची साधी रीत अशी: आई-बाबांच्या उंचीची बेरीज करून निम्मी करा, मुलगा असेल तर ६.५ सेंटीमीटर मिळवा, मुलगी असेल तर वजा करा. आई १५२, बाबा १६४ तर मुलाचा अंदाज १६४.५, मुलीचा १५१.५, आणि त्याच्या वरखाली सात-आठ सेंटीमीटर सहज होतात. ५ वर्षांनंतर १८ पर्यंत आयएपीचे २०१५चे भारतीय चार्ट वापरतात. त्यावर मूल आपली रेघ सोडून खाली यायला लागलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, वाट बघू नका, कारण वयात आल्यावर करण्यासारखं फार उरत नाही.

डोक्याचा घेर कशाला मोजतात?

मेंदूची वाढ कळते म्हणून. जन्माला साधारण ३४-३५ सेंटीमीटर, वर्षाला ४५-४६. भुवयांच्या वरून आणि मागे जिथे डोकं सगळ्यात बाहेर येतं तिथून, न ताणणाऱ्या टेपने. फार झपाट्याने वाढलं किंवा वाढलंच नाही तर डॉक्टरांना दाखवा, टाळू कधी भरते तेही विचारून ठेवा.

घरी मोजायचं तर काय लागेल?

मोठ्यांचा बाथरूममधला काटा शंभर-दोनशे ग्रॅम सहज चुकतो, त्यामुळे तान्ह्या बाळाला तो नको, दीड-दोन वर्षांनंतर अंदाजाला ठीक. एकदा अंगणवाडीच्या काट्याशी पडताळून घ्या. उंचीला भिंत पुरते: फरशी-भिंतीचा कोपरा काटकोनात असलेली जागा निवडा, मूल अनवाणी, डोक्यावर वही आडवी ठेवून भिंतीला काटकोनात दाबा, खूण करून सुताराच्या धातूच्या टेपने मोजा. तीन महिन्यांतून एकदा बास, दर आठवड्याला मोजलंत तर मोजण्यातली चूकच वाढ म्हणून दिसेल. फ्रान्समध्ये मोंतबेयार नावाच्या गृहस्थाने १७५९ ते १७७७ आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजून ठेवली, आणि एका मुलाच्या वाढीची ती सगळ्यात जुनी लांब नोंद म्हणून अजून अभ्यासतात. खुणेशेजारी तारीख, आकडा आणि मूल तेव्हा आजारी होतं का ते लिहा, आणि भिंत रंगवायच्या आधी सगळं कार्डावर उतरवून घ्या.